पाणी यायच्या आधी निघावे

सोलापूर जिल्ह्यातल्या कोणालाही विचारा, "तुमच्याकडे कशाची वाण आहे?" तो लगेच म्हणेल, "पाण्याची." आणि ते खरेच आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात तेवढा पाऊस एकट्या जुलै महिन्यात सहज पडून जातो. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून आपल्या गावांत आहेत. टँकर आला की घागरी घेऊन पळणे, हे तर आपल्या पोराबाळांनाही ठाऊक आहे.

अशा माणसाला कोणी सांगितले, "समुद्रात वादळ उठले आहे. घर सोडून उंचावर चला." तर तो काय करील? तो हसेल. म्हणेल, "समुद्र कुठे, आपण कुठे? कोकणचा किनारा इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास. मध्ये सह्याद्रीचे डोंगर. इथे कसले वादळ येते?"

वाचकहो, आम्हीसुद्धा एकदा असेच हसलो होतो. आम्ही शाळामास्तर. पुष्कळ वर्षे पोरांना भूगोल शिकवला, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो. तरीही हसलो. त्या हसण्याची किंमत आमच्या शेजाऱ्याला मोजावी लागली. ती गोष्ट आम्ही येथे सांगणार आहोत. आमची चूक तुमच्या हातून होऊ नये, एवढाच हेतू.

समुद्रातले वादळ सोलापुरात कसे येते

आधी वादळ म्हणजे काय ते पाहू. चुलीवर हंडा ठेवला की पाणी तापते आणि वाफ वर जाते. समुद्राचेही तसेच आहे. उन्हाने समुद्राचे पाणी तापते. त्याची वाफ वर चढते. खाली जागा मोकळी झाली की चहूबाजूंनी वारा आत धावतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे हा वारा सरळ न जाता भोवऱ्यासारखा गरगर फिरू लागतो. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेला की त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि त्याला नाव देतात. वेग त्याहून कमी असला तर नाव देत नाहीत. पण नाव नाही म्हणून ते निरुपद्रवी असते, असे मात्र समजू नये.

वादळ जमिनीवर आले की त्याची चूल विझते. खाली तापलेले पाणी उरत नाही, म्हणून वारा मंदावतो. पण पोटातली वाफ लगेच कुठे जाणार? ती पावसाच्या रूपाने खाली येते. वादळ जिकडे जाईल तिकडे पाऊस ओतत जाते.

ऑक्टोबर २०२० मध्ये असेच झाले. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. त्याचे पुढे वादळ झाले, पण नाव द्यावे इतके ते मोठे नव्हते. १३ ऑक्टोबरला सकाळी ते आंध्र प्रदेशात काकीनाडा गावाजवळ जमिनीवर चढले. काकीनाडा आपल्यापासून सहाशे किलोमीटरहून लांब. तिथून ते तेलंगणात शिरले. हैदराबाद शहरात पाणीच पाणी झाले. मग कर्नाटकाच्या उत्तर भागातून ते आपल्याकडे सरकले आणि १४ ऑक्टोबरला सोलापूर जिल्ह्यावर कोसळले. पुढे ते थेट अरबी समुद्रात गेले. पूर्वेच्या समुद्रात जन्मले आणि देश ओलांडून पश्चिमेच्या समुद्रात उतरले.

वारा वाटेत संपला, पण पाणी संपले नाही. आपल्या वाट्याला ते पाणी आले. त्या दिवशी पंढरपुरात कुंभार घाटावर भिंत कोसळली आणि सहा माणसे दगावली. अक्कलकोट तालुक्यात बोरी नदीने काठची गावे आणि शेते बुडवली. भीमेला महापूर आला. म्हणजे कोकणात वादळ वाऱ्याच्या रूपाने येते, आणि आपल्याकडे ते नदीच्या रूपाने येते. हा फरक नीट ध्यानात धरावा.

आमच्या गावची रात्र

आमचे गाव भीमेच्या काठी. १४ ऑक्टोबर २०२०, बुधवार. दिवसभर पाऊस असा पडला की समोरचे घर दिसेना. ऊस आडवा झाला. दुसऱ्या दिवशी पाऊस ओसरला. दुपारी तर थोडे ऊनही पडले. लोक चिखल तुडवत शेत बघायला निघाले.

तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा झाला. तलाठी भाऊसाहेब आणि पोलीस पाटील दारोदार फिरू लागले. "उजनीतून पाणी सोडले आहे. नदीकाठच्या लोकांनी आजच शाळेत चला. जनावरे घेऊन चला."

खालच्या आळीतला आमचा शेजारी आमच्याकडे आला. घरात म्हातारी आई, बायको, दोन पोरे आणि गोठ्यात एक म्हैस. तो म्हणाला, "मास्तर, काय करावं? निघावं का राहावं? पाऊस तर थांबलाय."

गावात मास्तरच्या शब्दाला मान असतो. आम्ही विचार न करता बोलून गेलो, "अरे, मारुतीच्या पायरीच्या वर पाणी कधी आले आहे का? आमच्या वडिलांनीही पाहिले नाही. राहा निवांत."

तो राहिला.

रात्री एकच्या सुमारास कुत्री भुंकू लागली. मग माणसांचा आरडाओरडा ऐकू आला. आमचे घर उंचावर, म्हणून आम्ही वाचलो. बॅटरी घेऊन बाहेर येऊन पाहतो तो मारुतीची पायरी दिसेना. नुसता कळस दिसत होता. खालच्या आळीत काळे पाणी फिरत होते. वीज गेलेली. शेजाऱ्याच्या घरी जायला वाट उरली नव्हती.

ते सगळे शेजारच्या स्लॅबच्या घरावर चढून बसले होते. रात्रभर भिजत बसले. धाकटे पोर थंडीने काकडत होते. सकाळी बोट आली आणि त्यांना काढले. माणसे वाचली, हे देवाचे देणे. पण म्हैस गेली. ती दाव्याला बांधलेली होती. अंधारात, छातीइतक्या पाण्यात, दावे सोडायला कोणाला जाता आले नाही. त्या म्हशीच्या दुधावर त्या घराचा बाजार चालत होता.

शाळेत आल्यावर त्या घरातल्या आजी आम्हाला फार काही बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या शब्दावर राहिलाव की वो आमी."

ते वाक्य आम्ही अजून विसरलो नाही.

पाऊस थांबला, तरी पूर का येतो?

आमची चूक कुठे झाली ते पाहा. पाऊस थांबला म्हणजे धोका टळला, असे आम्हाला वाटले. पण नदीचे पाणी आपल्या गावात पडलेल्या पावसाचे नसते. ते वरून येते.

भीमा उगम पावते पुणे जिल्ह्यात, भीमाशंकरला. मावळातल्या आणि घाटातल्या नद्यांचे पाणी घेऊन ती उजनी धरणात येते. धरण भरलेले असले आणि वरून आणखी पाणी आले, तर दारे उघडून ते सोडावेच लागते. खाली नरसिंगपूरला नीरा नदी येऊन भीमेला मिळते. नीरेवर वीर धरण आहे. तिकडूनही पाणी सोडले असेल तर दोन्ही पाणी एक होते आणि पंढरपूरकडे येते. तिथे आपण तिला चंद्रभागा म्हणतो. हे पाणी वाट चालत येते, त्याला वेळ लागतो. आपल्याकडे ऊन पडलेले असते, आणि पाणी वाटेत असते.

सीनेचेही तसेच. ती अहिल्यानगर जिल्ह्यातून येते. सप्टेंबर २०२५ मध्ये वरच्या भागात अतोनात पाऊस झाला, सीना-कोळेगाव धरणातून पाणी सोडावे लागले, आणि करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांतली सीनाकाठची गावे पाण्याने वेढली गेली. माणसे काढायला बोटी आणाव्या लागल्या. एरवी जिच्या पात्रात वाळू दिसते, त्या सीनेने घरांत शिरून दाखवले.

बातम्यांत आपण ऐकतो, "धरणातून एक लाख क्युसेक पाणी सोडले." हे क्युसेक म्हणजे काय? एका सेकंदात सुमारे २८ लिटर पाणी वाहिले तर ते एक क्युसेक. म्हणजे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच दोन मोठ्या घागरी. मग एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लाख लिटर. आता आपला पाण्याचा टँकर आठवा. दहा हजार लिटरचा मोठा टँकर धरला, तर एका सेकंदात २८० टँकर! ज्या एका टँकरसाठी आपण उन्हाळ्यात दिवसभर वाट पाहतो, तसले २८० टँकर प्रत्येक सेकंदाला नदीतून जात असतात. त्यापुढे मातीची भिंत किती वेळ टिकेल? आणि माणूस किती वेळ उभा राहील?

म्हणून धरणाचा आकडा ऐकला की गावातल्या जाणत्याला विचारावे, "एवढे पाणी आले तर आपल्या गावात कुठवर येते?" आणि जुन्या खुणेवर विसंबू नये. वडिलांच्या वेळी पाणी पायरीपर्यंत आले, याचा अर्थ एवढाच की त्या वेळी तेवढे आले. पुढे ते त्याहून वर येणारच नाही, असे वचन नदीने कोणाला दिलेले नाही.

लोक का निघत नाहीत?

लोक अडाणी आहेत म्हणून निघत नाहीत, असे शहरातले लोक म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. निघण्यात खरोखर अडचणी असतात. त्या एकेक करून पाहू.

पहिली अडचण घराची. "घर सोडले आणि चोरी झाली तर?" भीती रास्त आहे. यावर उपाय असा की सगळ्या आळीने एकदम निघावे. सोनेनाणे अंगावर किंवा बरोबर घ्यावे. ग्रामरक्षक दलातल्या तरुणांनी आणि पोलीस पाटलांनी उंचावरून लक्ष ठेवावे. पण घर राखायला म्हणून म्हाताऱ्या माणसाला एकटे मागे ठेवू नये. असे पुष्कळ घरांत करतात. ते चूक आहे.

दुसरी अडचण जनावरांची. शेतकऱ्याला म्हैस किंवा बैल सोडून जाववत नाही. सोडून जावेही लागू नये. म्हणून तर लवकर निघायचे. दिवसाउजेडी निघालो तर जनावरे चालत येतात. रात्री पाण्यातून ती येत नाहीत. आणि अगदीच वेळ नसला तर निदान दावे सोडावे. मोकळे जनावर पोहते, उंचवटा शोधते. बांधलेले जनावर जागीच मरते.

तिसरी अडचण मोटारीची. नदीवर पाण्याची मोटार असते. ती हजारो रुपयांची. पाणी चढू लागले की शेतकरी ती काढायला नदीत उतरतो. दर पुरात अशी माणसे वाहून जातात. मोटार काढायची असेल तर इशारा येताच, पाणी पात्रात असतानाच, दोघाचौघांनी मिळून काढावी. आधी वीज बंद करावी. पाणी काठावर आले की मग मोटारीचा नाद सोडावा. मोटार कर्ज काढून पुन्हा घेता येते.

चौथी अडचण कोणी उघड बोलत नाही. ती म्हणजे लाज. "आपण घर सोडून पळालो आणि पूर आलाच नाही, तर लोक हसतील." वाचकहो, पूर आला नाही तर आनंद मानावा. पेरणीआधी आपण बांध घालतो, आणि पाऊस कमी पडला तर कोणी बांधाला हसत नाही. एक रात्र शाळेत काढली म्हणून कोणाची अब्रू जात नाही.

ओडिशाने काय केले?

निघाल्याने खरेच माणसे वाचतात का, असे कोणी विचारील. त्याला ओडिशा राज्याचे उदाहरण सांगावे. तिथला किनारा वादळांचा.

ऑक्टोबर १९९९ मध्ये तिथे फार मोठे चक्रीवादळ आले. लोकांना जायला पुरेशी पक्की ठिकाणे नव्हती. सुमारे दहा हजार माणसे मेली. त्याच्याही आधी, नोव्हेंबर १९७७ मध्ये, आंध्र प्रदेशात कृष्णा नदीच्या मुखाजवळ दिवीसीमा भागात समुद्र आत शिरला आणि तिथेही सुमारे दहा हजार माणसे गेली. कृष्णा आपलीच नदी. आपल्या भीमेचे पाणीही कृष्णेतून तिकडेच जाते.

ओडिशाने त्यातून धडा घेतला. किनाऱ्यावर जागोजाग उंच, पक्क्या आसरा-इमारती बांधल्या. गावोगावी माणसे तयार केली. इशारा कसा द्यायचा, म्हाताऱ्यांना कोणी उचलायचे, कोण कुठे जाईल, हे आधीच ठरवले. मे २०१९ मध्ये फनी नावाचे प्रचंड वादळ आले, तेव्हा सुमारे बारा लाख लोकांना आधीच हलवले. वादळाने घरे पाडली, झाडे पाडली, विजेचे खांब मोडले. पण मेलेल्यांचा आकडा शंभराच्या आत राहिला. कुठे दहा हजार आणि कुठे शंभराच्या आत! वादळ काही लहान झाले नव्हते. माणसे वेळेवर निघाली होती, एवढाच फरक.

आपल्या महाराष्ट्रातही ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात आले. श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांचे पत्रे आणि कौले उडाली. पण किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना आदल्या दिवसापासूनच पक्क्या घरांत आणि शाळांत नेले होते. बागा गेल्या, पण पुष्कळ जीव राहिले.

निघायची तयारी कशी करावी?

इशारा आल्यावर तयारी करू म्हटले तर घाई होते. वारीला जाणारा माणूस आपले गाठोडे आधी बांधून ठेवतो. तसेच हेही गाठोडे पावसाळ्याच्या तोंडी बांधून ठेवावे.

त्यात काय असावे? रेशन कार्ड, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, सातबाऱ्याचा उतारा, हे सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे. थोडे रोख पैसे. रोजच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी. बॅटरी. काडेपेटी, तीही प्लास्टिकमध्ये. मोबाईल आणि त्याचा चार्जर. बाळ असेल तर त्याचे कपडे. बायकांना लागणारे कापड किंवा पॅड. एक दोर. पिण्याच्या पाण्याचे भांडे.

आणि खायला? त्याची काळजी सोलापूरकराने करू नये. आपली ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी! दोन्ही चांगली टिकतात, शिजवावी लागत नाहीत, आणि पोटाला आधार देतात. आपल्या बायाबापड्यांनी शोधलेली ही शिदोरी अशा वेळी फार उपयोगी पडते.

आता इशारा कसा ओळखावा ते सांगतो. हवामान खाते रंगांनी इशारा देते. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. टीव्हीवर, मोबाईलवर हे रंग सांगतात. पण मोबाईलवर कोणीही काहीही पाठवतो. म्हणून ऐकीव गोष्टीवर घाबरू नये आणि ऐकीव गोष्टीवर निर्धास्तही होऊ नये. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांच्याकडून खात्री करावी. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा फोन १०७७ आहे. कोणत्याही संकटात मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा. हे तीन आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. आता तुम्हाला लिहिता येते. तुमच्या हातानेच लिहा.

निघताना विजेचे मुख्य बटण बंद करावे. गॅसची टाकी बंद करावी. धान्याची पोती माळ्यावर किंवा उंच फळीवर ठेवावी. दाराला कुलूप लावावे. शेजारच्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसाला हाक मारावी. गरोदर बाई, अपंग माणूस, लहान मुले यांना पहिल्यांदा पाठवावे.

वाटेत ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर त्यात पाऊल घालू नये. गुडघ्याइतके पळते पाणी धडधाकट गड्याला पाडते. फूटभर पाण्यात लहान मोटारगाडी तरंगू लागते आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. "आपली गाडी जाईल," म्हणून पाण्यात घालणारे चालक आपण पाहिले आहेत. त्यातले काही पलीकडे गेलेच नाहीत. वाट बंद असेल तर थांबावे, दुसरी वाट धरावी.

कोठे जावे आणि कसे राहावे?

आसरा कसा असावा? उंचावर असावा आणि पक्का असावा. शाळा, ग्रामपंचायतीची इमारत, समाजमंदिर, मंगल कार्यालय, मठ, धर्मशाळा, अशी ठिकाणे चालतात. पण गावातली शाळाच जर सखल जागी असेल तर ती चालणार नाही. हे आधी पाहून ठेवावे. वरच्या गावात पाहुणे असतील आणि त्यांचे घर पक्के असेल तर तिकडे जावे. मात्र तलाठ्याला सांगून जावे. नाहीतर बोटवाले तुम्हाला पुरात शोधत बसतात.

जुन्या माळवदाच्या घरात आसरा घेऊ नये. पांढऱ्या मातीची भिंत आणि वर मातीचे माळवद, हे घर उन्हाळ्यात थंड असते. पण झडीच्या पावसात ती माती पाणी पिते, जड होते आणि अचानक बसते. भिंतीला तडा दिसला, माती सुटू लागली की त्या घरातून लगेच बाहेर पडावे. पत्र्याच्या शेडवर ठेवलेले दगडही वाऱ्यात डोक्यात पडतात. झाडाखाली आणि विजेच्या तारांखाली उभे राहू नये.

२०२० साली आमच्या शाळेत जी माणसे आली, त्यांची व्यवस्था आम्ही जवळून पाहिली. त्या वर्षी करोनाच्या साथीमुळे शाळा बंद होत्या, म्हणून खोल्या मोकळ्या होत्या. पण साथीमुळे गर्दीही चालणार नव्हती. मग एका खोलीत दोन-तीनच कुटुंबे ठेवली. बायकांना आणि पोरांना आतल्या खोल्या दिल्या. गडी माणसे व्हरांड्यात झोपली. जनावरे मैदानाच्या वरच्या अंगाला बांधली. वरच्या आळीतल्या लोकांनी कडबा आणून टाकला. कोणी जात विचारली नाही. एकाच चुलीवर सगळ्यांची आमटी झाली.

आसऱ्याच्या ठिकाणी तीन गोष्टी सांभाळाव्या. पहिली, पाणी. पुरानंतर विहिरीचे आणि नळाचे पाणी घाण होते. ते उकळून प्यावे, किंवा आरोग्यसेविका देतील त्या क्लोरीनच्या गोळ्या त्या सांगतील तशा टाकाव्या. कोणाला जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा असावा. मग दवाखान्यात न्यावे. दुसरी, संडास. बायकांसाठी वेगळी सोय असावी आणि तिथे रात्री उजेड असावा. तिसरी, नावांची यादी. कोण आले, कोण राहिले, कोण आजारी, हे एका वहीत लिहावे. हे काम तुमच्यातल्या नव्याने लिहायला शिकलेल्या माणसाने अवश्य घ्यावे.

परत जाताना

पाणी उतरले की घराची ओढ लागते. पण तलाठी किंवा पोलीस सांगतील तेव्हाच जावे. घरात शिरण्याआधी भिंती पाहाव्या. ओल्या भिंतीजवळ पोरांना जाऊ देऊ नये. वायरमनने पाहिल्याशिवाय विजेचे बटण लावू नये. कोपऱ्यात, लाकडांत, गोठ्यात साप असू शकतो, म्हणून आधी काठीने हलवावे. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नये, थेट सरकारी दवाखाना गाठावा. पडलेल्या घराचे, मेलेल्या जनावराचे, बुडालेल्या पिकाचे मोबाईलवर फोटो काढून ठेवावे आणि पंचनामा करून घ्यावा. पंचनाम्यावर अंगठा देण्याआधी तो वाचावा. आता वाचता येते, तर अंगठा कशाला? सही करावी.

शेवटचे दोन शब्द

त्या पुरानंतर शेजाऱ्याने उसने-पासने करून पुन्हा म्हैस घेतली. त्यात थोडी मदत आम्हीही केली. ती केली नसती तर आम्हाला झोप आली नसती.

पुढे एकदा पुन्हा भोंगा वाजला. पुन्हा दुपार होती आणि पुन्हा लख्ख ऊन पडले होते. लोक एकमेकांकडे पाहू लागले. त्या वेळी आम्ही कोणाला सल्ला दिला नाही. आम्ही घरात गेलो, गाठोडे उचलले, बायकोला म्हटले, "चला," आणि गावच्या मधल्या रस्त्याने, सगळ्यांना दिसेल असे, शाळेकडे चालू लागलो. आमचे घर उंचावर आहे. आम्हाला जायची तशी गरज नव्हती. पण मास्तर निघाले हे पाहून खालची आळी निघाली. पुढे त्या आजी, आणि त्यांच्या हातात म्हशीचे दावे.

त्या वेळी पाणी मारुतीच्या पायरीपर्यंतसुद्धा आले नाही. दुसऱ्या दिवशी सगळे घरी परतले. वाटेत आजी हसून म्हणाल्या, "मास्तर, उगंच चालवलंत की!"

आम्हीही हसलो. असे हसणे रोज आले तरी चालेल.

आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी बसावे आणि चार गोष्टी ठरवाव्या. आपण कोठे जायचे? कोणत्या वाटेने जायचे? म्हाताऱ्या माणसाला कोण नेणार? जनावराचे दावे कोण सोडणार? उत्तरे वहीत लिहून ठेवावी आणि पोरांना वाचून दाखवावी.